साहुकार आणि टोपीकर

राजापूरच्या इंग्रज वखारीतून एरवी मिरी आणि कापड बाहेर पडायचे. 1660 च्या उन्हाळ्यात तिथून निघाली ती उखळी तोफ आणि तिच्यातून डागायचे स्फोटक गोळे. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा माल घेऊन सोबत्यांसह घाट चढला आणि पन्हाळ्याखाली तळ ठोकून बसलेल्या विजापूरकर सिद्दी जौहरच्या छावणीत दाखल झाला. मार्च महिन्यापासून गडाला वेढा होता आणि गडावर खुद्द शिवाजी महाराज होते. छावणीत इंग्रजांचे निशाण फडकले, गोळे गडाच्या दिशेने सुटू लागले.

रेव्हिंग्टन कुणा राजाचा सेनापती नव्हता. लंडनच्या भागधारकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीचा तो पगारी नोकर होता. त्याचा सगळा हिशेब धंद्याचा होता. गोळे खपवावेत, विजापूर दरबाराची मर्जी संपादावी आणि कोकणातली आपली वखार निर्धास्त करून घ्यावी, एवढेच त्याच्या मनात होते. पण व्यापारी माणूस शत्रूच्या छावणीत निशाण लावून तोफ डागतो, ही गोष्ट गडावरून पाहिली गेली आणि ती विसरली गेली नाही. पुढच्या पंचावन्न वर्षांत मराठ्यांच्या राज्याने व्यापाऱ्यांविषयी जे धोरण ठरवले, त्याचा एक धागा या छावणीपासून निघतो आणि पन्हाळ्यावरच येऊन थांबतो.

समुद्रावरचा व्यापारी या डोंगरावर का आला, हे कळायला पन्हाळ्याची जागा नीट पाहावी लागते. कोल्हापूरच्या वायव्येला साधारण 20 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे सुटलेल्या फाट्यावर हा गड आहे. त्याच्या पश्चिमेला घाटवाटांची उतरंड लागते. आंबा घाटाने संगमेश्वर आणि रत्नागिरीकडे उतरता येते, अणस्कुरा घाटाने थेट राजापूरकडे, बावड्याच्या घाटाने खारेपाटण आणि विजयदुर्गाकडे. बंदरावरून चढून आलेला माल कोल्हापूरच्या मैदानात यायचा आणि तिथून मिरज, रायबाग, विजापूर अशा बाजारांकडे फुटायचा. हा सगळा प्रदेश ज्याच्या टाचेखाली, त्याच्या हाती दोन्हीकडची जकात. गड बांधणारे राजे लढाईचा विचार करत, तसा या उत्पन्नाचाही करत.

गडाचा कर्ता म्हणून शिलाहार राजा दुसरा भोज याचे नाव घेतले जाते. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा दरबार इथे भरत होता. शिलाहारांना व्यापार नवा नव्हता. कोल्हापूर-मिरज भागातल्या त्यांच्या काळच्या शिलालेखांत वीरबणंजू या व्यापारी संघाचे उल्लेख येतात. त्याहीआधी, शके 930 मध्ये, म्हणजे 1008 साली, दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाने दिलेला ताम्रपट खारेपाटणला सापडला आहे. देवस्थानाला दिलेल्या देणग्यांत गावे आहेत, तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबे आहेत, आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणकही आहे. त्या काळची अर्थव्यवस्था एका ताम्रपटात इतकी भरलेली क्वचित पाहायला मिळते. गावात बसून तेल गाळणारा आणि समुद्रापलीकडून माल आणणारा, दोघांच्या कष्टातला वाटा एकाच देवाच्या दारी येत होता.

या दोघांना जोडणारा तिसरा माणूस मात्र अशा दानपत्रांत फारसा दिसत नाही. तो बैल हाकणारा. गाडी चढेल असे रस्ते घाटांना फार उशिरा मिळाले. सतराव्या शतकात सगळा माल बैलाच्या पाठीवरून जायचा. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा, आणि मागे शेकडो बैलांची रांग. वंजारी आणि लमाण तांड्यांनी दख्खनचे धान्य आणि कोकणचे मीठ असे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले. वर येताना मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी आणि परदेशी चैनीच्या वस्तू. खाली उतरताना कापड, गूळ, तेल, धान्य, आणि सह्याद्रीच्या कुशीतली मिरी. पावसाळ्यात घाट बंद पडायचे आणि बंदरही. त्यामुळे वर्षभराचा व्यवहार आठ महिन्यांत उरकावा लागे, आणि उरलेल्या चार महिन्यांसाठी साठा करणारा माणूस श्रीमंत होई.

साठा म्हणजे काय, हे गडावरच्या अंबरखान्यात गेल्यावर कळते. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारांची नावे. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. तिची धारणशक्ती 25,000 खंडी सांगितली जाते. जाड भिंती सुमारे 35 फूट उंच, आत सोळा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर घुमटाकार छत आणि छताच्या मध्यभागी एक भोक. बाहेरच्या जिन्याने गोणी छतावर न्यायची आणि त्या भोकातून धान्य आत सोडायचे. आत अंधार, गारवा आणि कोरडेपणा. वरी, नाचणी आणि भात ही इथली साठवणीची धान्ये. डोंगरउतारावर पिकणारी, गरिबाच्या ताटातली धान्ये आहेत ही. राजवाड्यापेक्षा कोठार थोर बांधणाऱ्याला राज्य कशावर चालते ते पक्के ठाऊक होते, असे त्या भिंतींखाली उभे राहिले की वाटते.

28 नोव्हेंबर 1659 रोजी पन्हाळा प्रथम शिवाजी महाराजांच्या हाती आला. प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला त्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. मराठ्यांच्या तुकड्या पुढे रायबागपर्यंत आणि त्याहीपलीकडे दौडत गेल्या, कोकणात राजापूरवर उतरल्या. विजापूरच्या दरबाराला हा घाव एका किल्ल्याचा नव्हता. बंदरापासून राजधानीपर्यंतची वाट मधूनच तुटली होती. सिद्दी जौहरला एवढी मोठी फौज देऊन पाठवण्यामागे हे कारणही होते. 

वेढ्याची पुढची हकिगत मराठी घरात लहान मुलालाही पाठ असते. शिवा काशीदचे बलिदान, आषाढातली ती रात्र, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी रोखून धरलेला शत्रू, आणि विशाळगडावरून झालेल्या तोफा. इथे एवढेच नोंदवायचे की महाराज ज्या दिशेने निघाले ती आंबा आणि अणस्कुरा या घाटांचीच दिशा होती. विशाळगड त्या दोन वाटांच्या मध्ये पहारा देत बसला आहे. सप्टेंबर 1660 मध्ये पन्हाळा तह करून विजापूरच्या आदिलशाहीला द्यावा लागला.

राजापूरचा हिशेब मार्च 1661 मध्ये झाला. महाराजांची फौज राजापुरात उतरली, वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैद झाले. त्यांना किल्ल्याकिल्ल्यांवर ठेवण्यात आले आणि शेवटच्या कैद्यांची सुटका 1663 च्या सुरुवातीला झाली. तुरुंगातून त्यांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांकडे मदतीसाठी पत्रांमागून पत्रे पाठवली. सुरतेच्या इंग्रजांनी दिलेले उत्तर कडक होते. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना तुम्ही पकडला गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांच्या निशाणाखाली गोळे फेकलेत म्हणून पकडला गेलात, अशा आशयाचे ते पत्र आहे. म्हणजे रेव्हिंग्टनने ओलांडलेली रेघ त्याच्या स्वतःच्या कंपनीलाही दिसली होती.

त्या स्वारीत इंग्रजांखेरीज इतरही होरपळले, हे सांगितले पाहिजे. राजापूर जुने बंदर होते. खाडीच्या टोकाशी, समुद्रापासून सुमारे 15 मैल आत वसलेले. अरबांची गलबते तिथे थेट येत. गावातल्या सावकारांची घरे पुरलेल्या धनासाठी खणली गेली, असे इंग्रजांची पत्रे सांगतात. रायबागच्या बाजारालाही त्या वर्षांत असाच तडाखा बसला होता. राज्य उभे करण्याच्या धामधुमीत पेठा लुटल्या गेल्या आणि लुटलेली पेठ पुन्हा भरायला वर्षे लागतात. याची जाणीव ज्यांना झाली, ते लुटणाऱ्यांच्याच पिढीतले कारभारी होते. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

कारण पुढच्या पंधरा वर्षांत महाराजांचे राज्य स्वतःच व्यापारात उतरले. 1665 च्या सुमाराची इंग्रजांची पत्रे सांगतात की शिवाजी राजांच्या ताब्यात दख्खनची आठ-नऊ महत्त्वाची बंदरे आली असून, ते दरवर्षी दोन-तीन किंवा अधिक व्यापारी जहाजे इराण, बसरा, मोखा या बाजूला पाठवतात. लढाऊ गुराबा आणि गलबते जिथे बांधली जात, त्याच भागात मालाची तारवेही तयार होऊ लागली. सुतार, लोहार, दोर वळणारे, शीड शिवणारे, डांबर लावणारे अशा कितीतरी हातांना समुद्रकाठी काम मिळाले.

मिठाचे उदाहरण तर आजच्या अर्थमंत्र्यांनीही वाचावे असे आहे. 7 डिसेंबर 1671 चे एक पत्र आहे, कुडाळचा सुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेले. संगमेश्वरकडे मीठ पिकत होते. पण पोर्तुगीजांच्या अमलाखालच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडायचे आणि घाटावरचे व्यापारी आपले बैल तिकडेच वळवायचे. महाराजांनी सुभेदाराला लिहिले की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे भाडे आणि जकात धरून ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल आणि व्यापारी आपोआप आपल्या बंदराकडे येतील. व्यापाऱ्याला धाक घालावा, वाट अडवावी, असे त्यात नाही. त्याचा नफा कुठे आहे ते पाहून त्या नफ्याची दिशा बदलायची. बैलाच्या पाठीवरच्या एका गोणीचा भाव कुठून कुठपर्यंत कसा वाढतो, याचे इतके बारीक गणित रायगडावर चालत होते.

6 मार्च 1673 ला कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा परत घेतला. तेरा वर्षांनी घाटवाटांची ही मान पुन्हा मराठ्यांच्या हाती आली.

पुढच्या वर्षी इंग्रज रायगडावर आले. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याने जून 1674 मधला राज्याभिषेक पाहिला आणि त्याच सुमारास तह झाला. राजापूरच्या नुकसानीपोटी 10,000 होनांची भरपाई ठरली. ती रोख न देता मालाच्या किमतीत सूट आणि जकातीत माफी अशा रूपाने वळती करायची होती. इंग्रजांनी अडीच टक्के जकात द्यायची आणि व्यापार करायचा. कोकणच्या किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल मालकाला परत मिळावा, हे इंग्रजांचे कलम मात्र महाराजांनी मान्य केले नाही. तसा माल किनाऱ्याच्या धन्याचा, ही इथली जुनी वहिवाट होती. वाटाघाटींच्या या तपशिलात राजा आणि व्यापारी यांचे नाते स्पष्ट आहे. देणारा इथला धनी, मागणारा परका व्यापारी. इंग्रजांनी 1675 मध्ये राजापूरची वखार पुन्हा उघडली.

त्याच राज्याभिषेकात अमात्यपदाची वस्त्रे ज्याला मिळाली तो तरुण रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत. निळो सोनदेवांचा हा मुलगा. राज्याचा जमाखर्च पाहणे हे अमात्याचे काम. म्हणजे कोणत्या बंदरावर किती जकात जमा झाली, कोणत्या गडावर किती धान्य भरले, हे कागद त्याच्या नजरेखालून जाणार. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, त्यांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज जिंजीला निघाले, तेव्हा महाराष्ट्राचा कारभार त्यांनी या माणसावर सोपवला आणि त्याला हुकूमतपन्हा हा किताब दिला. विशाळगडावर बसून त्याने औरंगजेबाशी लढणाऱ्या फौजांचा खर्च भागवला. रिकाम्या खजिन्यावर राज्य चालवायचे म्हणजे सावकाराच्या दाराशी जावेच लागते. त्याच्या पुढच्या लिखाणात सावकारांविषयी जो ओलावा आहे, तो या वर्षांत आलेल्या अनुभवातून आला असणार.

या काळात पन्हाळा पुन्हा पुन्हा हात बदलत राहिला. 1701 मध्ये औरंगजेब स्वतः त्याच्या पायथ्याशी येऊन बसला. आणि काय योग पाहा, याही वेढ्यात एक इंग्रज आला!

त्याचे नाव सर विल्यम नॉरिस. 1698 मध्ये इंग्लंडात जुन्या कंपनीला प्रतिस्पर्धी अशी नवी कंपनी निघाली होती. हिंदुस्थानच्या व्यापाराचे फर्मान आपल्याला मिळावे, म्हणून तिने राजा तिसरा विल्यम याचा वकील पाठवला. मिरवणूक, निशाणे, पितळी तोफा, नजराण्याच्या वस्तू असा सगळा थाट घेऊन नॉरिस बादशहाच्या छावणीत पोहोचला. 28 एप्रिल 1701 रोजी पन्हाळ्याखाली त्याला दरबारात भेट मिळाली. पुढे त्याने बादशहाला पालखीतून जाताना पाहिले आणि ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. अंगरखा पांढरा, पगडी पांढरी, दाढी पांढरी; दुतर्फा माणसांची गर्दी, आणि औरंगजेबाची नजर हातातल्या पुस्तकावरून एकदाही हलली नाही. ऐंशी ओलांडलेला बादशहा डोंगरी किल्ल्यापुढे बसला होता आणि त्याच्या तंबूबाहेर जगाच्या दुसऱ्या टोकाची एक व्यापारी मंडळी सवलतीसाठी ताटकळत होती.

बोलणी फिसकटली. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशहाचे गंज-इ-सवाई हे हज यात्रेकरूंचे जहाज लुटले होते आणि तो राग अजून ताजा होता. समुद्रावर चाचेगिरी होणार नाही याची हमी नव्या कंपनीने द्यावी, अशी अट पुढे आली. नॉरिसने ती हमी दिली नाही आणि नोव्हेंबरमध्ये तो रिकाम्या हाताने परत फिरला. मायदेशी पोहोचण्यापूर्वीच, 1702 मध्ये, परतीच्या प्रवासात तो वारला. पन्हाळा मे 1701 मध्ये मोगलांना मिळाला होता. पण त्यानंतर काही काळातच रामचंद्रपंतांनी तो परत जिंकून घेतला. राजाराम महाराजांच्या विधवा राणी ताराबाईंनी 1705 मध्ये तिथे मुक्काम हलवला आणि पन्हाळा ही राजधानी झाली.

दोन वेढे, दोन इंग्रज. पहिला बंदरावरच्या एका वखारीतला मुख्य गुमास्ता, स्वतःच्या जोखमीवर तोफ घेऊन आलेला. दुसरा राजाचे पत्र घेऊन आलेला वकील. दोघांच्या मागे मात्र कंपनीच होती, दोघांनाही व्यापारच हवा होता. चाळीस वर्षांत फरक पडला तो एवढाच की कंपनीच्या पाठीशी आता उघडपणे एक सिंहासन उभे होते.

रामचंद्रपंतांना हा फरक कळला होता. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा बाजूला झाले आणि त्यांच्या सवतीचे, राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी गादीवर आले. या नव्या, तरुण राजाच्या नावाने 1715 च्या सुमारास पंतांनी आज्ञापत्र लिहिले. राज्य कसे करावे, मंत्री कसे असावेत, वतनदारांना कसे वागवावे, किल्ले कसे बांधावे आणि राखावे, आरमार कसे चालवावे, हे सगळे त्यात आहे. आणि त्यात साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राजनीतीच्या ग्रंथात सैन्य, मंत्री आणि किल्ले यांच्या शेजारी व्यापाऱ्याला मानाची जागा देणारा हा कारभारी त्याच्या काळाच्या पुढे होता, असे मी निःसंकोच म्हणेन.

साहुकार राज्याला शोभा आणतात, असे पंत म्हणतात. त्यांच्यामुळे वस्ती वाढते, जे आपल्याकडे पिकत नाही ते आपल्याकडे येते, अडचणीच्या वेळी कर्ज मिळते आणि संकट निभावते. म्हणून त्यांना उपद्रव होऊ देऊ नये, त्यांचा अपमान होऊ देऊ नये. पेठा वसवाव्यात, दुकाने घालून द्यावीत. सणासमारंभाला त्यांना बोलावून वस्त्रे देऊन गौरवावे. परमुलखातल्या साहुकाराची ख्याती ऐकली तर त्याचे समाधान करून त्याला आपल्या राज्यात आणावे, आणि जिथे त्याचे मन रमेल तिथे जागा द्यावी. जहाजांतून येणाऱ्या व्यापाऱ्यांना कौल देऊन निर्धास्त करावे. जकातीच्या लोभाने बंदर ओस पाडू नये, हा सूर सगळीकडे आहे. सारी पेठ उजाड होताना ज्याने पाहिली, तोच असे लिहू शकतो.

मग तीच लेखणी टोपीकरांकडे, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांकडे वळते. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डॅनिश, यांची नावे घेऊन पंत सांगतात की हेही साहुकारी करतात, पण इतर साहुकारांसारखे ते नाहीत. त्यांच्या प्रत्येकाचा धनी राज्य करणारा आहे आणि त्याच्या हुकमाने ते व्यापाराला आले आहेत. ज्याला राज्य आहे त्याला जमिनीचा लोभ नाही, असे कसे होईल? त्यांना जागा धरायची आहे, वाढवायची आहे आणि एकदा हाती आलेली जागा ते मेले तरी सोडत नाहीत. 

यावर पंतांनी सुचवलेला उपाय कारकुनी काटेकोरपणाचा आहे. त्यांच्याशी व्यवहार येण्याजाण्यापुरता ठेवावा. जंजिऱ्यांच्या वाऱ्यालाही त्यांना उभे करू नये. वखारीला जागा द्यायचीच वेळ आली, तर खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी कदापि देऊ नये. कारण त्यांचे बळ आरमारात, तोफांत आणि दारूगोळ्यात आहे, आणि आरमाराच्या आधाराने ते बंदरावर किल्ला उभा करतील. जागा द्यावी ती समुद्रापासून चार-आठ कोस आत, मोठ्या गावाजवळ, सखल, गावाच्या नजरेखाली राहील अशी. पक्की इमारत बांधू देऊ नये. या अटींवर राहिले तर ठीक, नाहीतर त्यांची गरज नाही.

पंतांचे घराणे पुढे बावडेकर म्हणून ओळखले गेले. गगनबावड्याची जहागीर त्यांची, आणि त्या डोंगरावरून उतरणारी वाट सरळ खारेपाटण आणि विजयदुर्गाकडे जाते. आज्ञापत्रातले किनाऱ्याचे ज्ञान असे घरच्या उंबऱ्यावरचे होते. आरमाराच्या प्रकरणात तर ते झाडांपर्यंत उतरते. सागवान वगैरे तोडायचे तर परवानगी घेऊन तोडावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणजे जहाज हवे, ते बांधणारा उद्योग हवा, परदेशचा व्यापारही हवा, पण त्याची किंमत अंगणातल्या फणसाने मोजायची नाही. इतक्या वेगवेगळ्या धंद्यांचा एकत्र विचार करणारा मराठी कागद त्याआधीचा मला माहीत नाही. 1716 मध्ये रामचंद्रपंत वारले. त्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे.

पुढची शंभर वर्षे पन्हाळ्याच्या या गादीला, म्हणजे कोल्हापूरच्या राज्याला जड गेली. पैशाची ओढ, पेशव्यांशी तेढ, घरातले कलह. किनाऱ्यावर मालवण आणि सिंधुदुर्ग हाती होते. तिथली आरमारी गलबते येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना अडवत. त्याला इंग्रज चाचेगिरी म्हणत, कोल्हापूरकर समुद्रावरचा आपला हक्क म्हणत. पण पंतांनी ज्या व्यापाऱ्याला कौल देऊन निर्धास्त करायला सांगितले होते, तोच या गलबतांना भिऊ लागला आणि त्याने संरक्षणासाठी टोपीकराचाच आसरा धरला. 1765 मध्ये कंपनीने सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंशी तह होऊन तो पैशाच्या मोबदल्यात परत मिळाला. 1782 मध्ये राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली. 1792 चा तह त्याहून पुढे गेला. 1785 पासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई कोल्हापूरने द्यायची, आणि मालवणात तसेच खुद्द कोल्हापुरात वखार घालू द्यायची. समुद्रकाठी टोपीकराला जागा नको म्हणून बजावणाऱ्या राज्याला ती बंदरावरही द्यावी लागली आणि राजधानीतही.

शेवटचा करार 1812 चा. मालवण बंदर त्याच्या किल्ल्यांसह कंपनीकडे गेले. कोल्हापूरच्या छत्रपतींनी यापुढे सशस्त्र गलबते समुद्रात पाठवायची नाहीत, अडचणीत सापडलेल्या जहाजांना मदत करायची, आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल ज्याचा त्याला परत करायचा, असे त्यात ठरले. रायगडावर 1674 मध्ये ऑक्झिंडेनला जे कलम मिळाले नव्हते, ते कंपनीने 138 वर्षांनी कोल्हापूरकडून लिहून घेतले.